डाव्या खांद्यावरचं लिहिणं

पाचवी पाचव्याच दिवशी पुजायची, हे सिंधुबाईला कुणी सांगायला नको होतं. पण पाचव्या दिवशी तिचा नातू दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. सातव्या महिन्यातच आलेला, मुठीएवढा, नाकात नळी. तिथं पाटावरवंटा नेऊन कोण मांडणार? तेवीस दिवसांनी पोर घरी आलं. तेव्हा घरी आल्यापासूनचा पाचवा दिवस धरायचा असं तिनं ठरवलं, आणि तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. देवानं दोन कामं एका ओंजळीत टाकली, असं म्हणून तिनं मनातल्या मनात हात जोडले.

आक्काबाईला मात्र हे पटलं नव्हतं. आक्काबाई म्हणजे सायखेड्याची थोरली जाऊ. बाळ घरी आलं त्याच दिवशी एसटीनं येऊन राहिलेली. पाटा धुता धुता ती म्हणाली, "सटवाई काय आपली वाट बघत बसती व्हय? तिला दवाखान्याचा पत्ता लागत नाय का? पाचव्या रात्री तिथंच येऊन कपाळावर लिहून गेली असंल. आता दिवे लावायचे ते आपल्या समाधानाला."

सिंधुबाई हसली. बोलली नाही. दिवेलागणीपर्यंत ती बोलतच नसे.

मौनाचं ते व्रतही या नातवासाठीच होतं. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, आजची रात्र निघाली तर बघू. तेव्हा दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभं राहून तिनं बोलून टाकलं होतं, "देवा, हा घरी येऊ दे. आला की सव्वा महिना दिवस उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही." रात्र निघाली. पोर घरी आलं. मग शब्द पाळायला नको? रोजची पोथी, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, गुरुवारचा उपास, हे तर लग्न होऊन मखमलाबादला आल्यापासूनच चालू होतं. त्यात मौनाची भर पडली. शेवंतीच्या तोडणीच्या बाया तिच्या हातवाऱ्यांवर काम करायला शिकल्या. फुलबाजाराचे फोन मुलगा शेखर घेऊ लागला.

"तुझी सासू गप बसली तं घर कसं देवळावानी वाटतंय बघ," असं आक्काबाई पहिल्याच दिवशी मनीषाला म्हणाली होती. मनीषा हसली नव्हती.

आणि तिथंच सिंधुबाईच्या मनात काटा रुतून बसला होता.

बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती. चौथी प्रदक्षिणा चालली होती. मनीषा मागं येऊन उभी राहिली, केस तसेच, पायात काही नाही. म्हणाली, "आई, मला विहिरीची भीती वाटते. बाळाला घेऊन तिकडं..." आणि थांबली. सिंधुबाईनं वळून पाहिलं. सुनेच्या डोळ्यांत असं काही होतं की ते तिला बघवेना. तिनं दोन्ही हात जोडले आणि आधी आपल्या ओठांकडं, मग आभाळाकडं बोट दाखवलं. म्हणजे, माझं मौन आहे, देव बघून घेईल. मनीषा घरात निघून गेली.

संध्याकाळी दिवा लागला. तोंड मोकळं झालं. विचारता आलं असतं. पण बाळाला अंघोळ, धुरी, आक्काबाईची दृष्ट काढणी. उद्या विचारू, असं म्हणता म्हणता तीन उद्या होऊन गेले. खरं सांगायचं तर, जे ऐकायचं नव्हतं ते ऐकायला लागू नये म्हणून मौन तिला सोयीचं झालं होतं. हे तिचं तिलाही अजून नीट उमगलं नव्हतं. नुसता काटा होता.

मनीषा मात्र त्या दिवसापासून बाळाला दूध पाजायची आणि लगेच कुणाच्या तरी हातात द्यायची. झोपायची भिंतीकडं तोंड करून. विहिरीकडचं दार उघडंच ठेवत नव्हती. आक्काबाईच्या नजरेतून हे सुटणार थोडंच?

दुपारी जेवणं उरकल्यावर पडवीत शेखर आणि आक्काबाई हळू आवाजात बोलत बसले होते. सिंधुबाई झेंडूची तोरणं ओवत होती. मौन धरलेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

"पाच वाजता जीप येतीय," आक्काबाई म्हणाली. "पेठच्या अंगाला भगत हाय, माझ्या भाचीला त्यानंच बरं केलं. तू तिला घेऊन जा. बाळ माझ्याजवळ ऱ्हाईल."

"मोठीआई, पण आज पाचवी..."

"म्हणून तं आज! सटवाईच्या म्होरं ती असली आई नको. जिच्या अंगात सैतान शिरलाय ती पोराला जवळ घेत नाय, तू बघतोय ना? तिला पाच-सात दिस तिकडं ठिव. उतरला की आण."

शेखर आईजवळ येऊन बसला. तेवीस दिवस दवाखान्याच्या बाकावर काढलेला मुलगा, दाढी वाढलेली. "आई, तू बोलू नको. नुसती मान हलव. नेऊ का तिला?"

सिंधुबाईच्या हातातली सुई थांबली. तिनं मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. शेखर उसासा टाकून उठला. "म्हणजे तुझी ना नाही," तो म्हणाला.

तिनं न दिलेलं उत्तर त्यानं असं घेतलं. तिनं पुढचं फूल ओवलं. सुई बोटात गेली.

*

चार वाजता खैरूनभाभी आणि मार्था सिस्टर एकाच रिक्षातून उतरल्या. त्यांना पाहून सिंधुबाईचं मन भरून आलं. या दोघींची ओटी भरायची म्हणून तर आजचा घाट होता.

खैरूनभाभी दर्ग्याच्या गल्लीत फुलांच्या चादरी विणायची. सिंधुबाईचे मालक पुंजा हयात होते तेव्हापासून त्यांच्या शेतातले गावठी गुलाब तिच्याकडं जायचे. बाळंतपणात मनीषाला रक्त लागलं, गट मिळेना, तेव्हा भाभीनं स्वतःचं दिलं होतं आणि वर आपल्या दोन पुतण्यांना उठवून आणलं होतं. मार्था सिस्टर शरणपूरची, नोकरीतून निवृत्त झालेली नर्स, पण दवाखान्यात रोज येणारी. बाळाला पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरायचं तिनंच मनीषाला शिकवलं होतं. "काचेपेक्षा कातडं बरं," असं म्हणायची.

सिंधुबाईनं दोघींचे हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिली.

"या अल्ला, अजून चालूच आहे का तुमचं गुपचूप?" भाभी म्हणाली. "सिंधुताई, तुमची शेवंती बघून गेले आत्ता बांधावरून. बोलत्या माणसाचीपण एवढी फुलत नाही."

"बाळ कुठंय?" सिस्टरनं चप्पल काढतानाच विचारलं. बाळ आक्काबाईच्या मांडीवर होतं. सिस्टरनं त्याचे तळवे पाहिले, ओठ पाहिले, पोटावर हात ठेवला. "छान. देवबापाची कृपा. आणि आमची मनीषा?"

"आतमंदी हाय," आक्काबाई म्हणाली. "पडलीय." त्या 'पडलीय'मध्ये बरंच काही होतं. सिस्टरनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि आत जाऊन आली. बाहेर आली तेव्हा कपाळावर आठी होती.

चहा झाला. भाभीनं नमाजसाठी जागा मागितली. सिंधुबाईनं पाकळ्या वाळवायची धुतलेली चादर काढून पडवीच्या पश्चिमेला अंथरली आणि फुलांच्या टोपल्या बाजूला सारल्या. भाभीची नमाज होईपर्यंत कुणी बोललं नाही. शेवटी तिनं मान उजवीकडं वळवली, पुटपुटली, मग डावीकडं वळवली, पुटपुटली आणि उठली.

आक्काबाईला राहवलं नाही. "भाभी, एक इचारू का? राग नका धरू. शेवटाला मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली, ते कुणाला बघता?"

"बघत नाही हो आक्का, सलाम करते. दोन फरिश्ते असतात ना, एक ह्या खांद्यावर, एक ह्या. उजवा चांगलं लिहितो, डावा वाईट. जन्मभर लिहीतच बसलेले बिचारे. माझ्या डाव्याला तर पाणी प्यायलापण फुरसत मिळत नसेल."

"देवदूत पाणी पितात होय?" सिस्टर हसली.

"नाही ना! हमारे में खात नाहीत, पीत नाहीत, झोपत नाहीत. नूरचे, उजेडाचे बनलेले. तुमच्यात खातात?"

"आमच्या शास्त्रात अब्राहामाकडं तिघे पाहुणे आले होते. झाडाखाली बसून चांगले जेवले. म्हाताऱ्या साराला मूल होणार, ही बातमी तेच घेऊन आले होते."

"अगं, आमच्यापण इब्राहीमकडं आले होते की! तीच बातमी घेऊन. जेवण पुढं ठेवलं, तर हातच लावेनात. तेव्हा त्यांना कळलं की हे माणसं नाहीत."

आक्काबाईनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "म्हंजी तेच घर, तेच पाव्हणे. हिच्याकडं जेवले आन् तिच्याकडं उपाशी गेले!"

सगळ्या हसल्या. सिंधुबाई पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी घरात असं हसणं झालं, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तिच्या देवघरातही पाहुणे येतच की. संध्याकाळी येणारी सटवाई पाहुणीच. तीही लिहितेच.

आतल्या खोलीच्या दारात बांगड्या वाजल्या. मनीषा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

आक्काबाईनंही ते पाहिलं. तिचा आवाज बदलला. "ते देवदूतांचं जाऊ द्या. सैतान कुठं बसतो ते सांगा. तुमच्यात त्याची लय माहिती असती म्हणं. आमच्या घरात शिरलाय त्यो."

सिस्टरनं दाराकडं पाहिलं आणि सावकाश बोलायला सुरुवात केली. "आमच्यात तो आधी देवदूतच होता बाई. फार तेजस्वी. पण गर्व झाला, देवाच्या बरोबरीला बसायला निघाला, आणि पडला. त्याच्याबरोबर आणखी कितीतरी पडले."

"तौबा, फरिश्ता कसा पडेल?" भाभीनं मान हलवली. "फरिश्त्याला 'ना' म्हणताच येत नाही. इब्लीस, म्हणजे तुमचा सैतान, जिन्न होता, आगीचा बनलेला. पण इबादत, भक्ती, एवढी केली, एवढी केली, की फरिश्त्यांच्या बराबरीला जाऊन बसला. आमच्या अम्मी सांगायच्या, आभाळात एक वीत जागा नव्हती जिथं त्यानं डोकं टेकलं नाही. मग अल्लानं मातीचा माणूस केला आणि सांगितलं, याच्यापुढं वाका. सगळे वाकले. हा म्हणाला, मी एवढा इबादतवाला, मी आगीचा, आणि या चिखलापुढं वाकू? बस. तिथं संपला."

सिंधुबाईच्या मांडीवर तोरण होतं. तिची बोटं त्याच्यावर तशीच राहिली.

"म्हंजी तुमच्यात दूत पडला, आन् हिच्यात भक्त पडला," आक्काबाई म्हणाली. "पर माणसाला धरतो का नाय त्यो?"

"धरत नाही. कानात बोलतो फक्त. वसवसा म्हणतात त्याला. कयामतच्या दिवशी तोच म्हणणार आहे, मी नुसतं बोलावलं होतं, आलात तुम्ही, मला नावं ठेवू नका. आता ताबीज-गंडेवाले आमच्यात काय कमी आहेत? पैसे घेतात, पोरीला मारतात, आणि म्हणतात शैतान मार खातोय."

"आमच्या शास्त्रात लोकांना लागलेली भुतं प्रभूनं काढली, ते आहे," सिस्टर म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पण त्यानं कुणाला छडी मारली नाही. आणि एक गोष्ट आक्काबाई, सैतान खुद्द प्रभूच्याच कानाशी आला होता. चाळीस दिवसांचा उपास होता, अंगात त्राण नव्हतं, तेव्हा. मंदिराच्या उंच कंगोऱ्यावर उभं करून म्हणाला, टाक उडी. देवदूत झेलतील. आणि हे सांगताना शास्त्रातलंच वचन म्हणून दाखवलं त्यानं. तो शिव्या देत येत नाही, देवाचं नाव घेत येतो."

"सिस्टर," दारातून मनीषा बोलली. आवाज कोरडा होता. "टाक उडी, असं म्हणाला?"

"हो."

"मग प्रभूनं ते कुणाला सांगितलं का? की ऐकून गप्प राहिला?"

सिस्टरला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. "सांगितलंच असणार बाळा. रानात तो एकटा होता. बघायला, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलं नसतं, तर शास्त्रात आलं कुठून?"

मनीषानं दाराची चौकट धरली. "भाभी, कानात आलं, पण केलं नाही. तर तुमचा डावा लिहितो का?"

"नाही बेटा," भाभी म्हणाली. तिचा नेहमीचा मस्करीचा सूर कुठं गेला होता कोण जाणे. "मनात आलं ते लिहीत नाही. केलं तरच. आणि अम्मी सांगायच्या, केलं तरी लगेच नाही लिहीत. उजवा त्याला म्हणतो, थांब जरा, माफी मागेल ती. तो कलम उचलून थांबतो. चांगलं मात्र नुसतं मनात आणलं तरी उजवा लिहून टाकतो."

फाटकाशी हॉर्न वाजला.

शेखर आतून आला. कुणाकडंही न बघता म्हणाला, "मनीषा, चल. जीप आलीय."

"कुठं?" सिस्टरनं विचारलं.

"भगताकडं. पाच-सात दिवसांचा प्रश्न आहे, सिस्टर. घरातल्या मोठ्यांनी ठरवलंय." त्यानं आईकडं पाहिलं. "आईची ना नाही."

आक्काबाईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "चल पोरी. तुझ्या भल्याचंच हाय."

मनीषानं फक्त सिंधुबाईकडं पाहिलं. तुळशीजवळ पाहिलं होतं तसंच.

सूर्य अजून कासराभर वर होता. दिवेलागणीला तासभर होता. सिंधुबाईच्या डोळ्यांपुढं ती काचेची पेटी आली, नळी आली, कडुलिंब आला. शब्द मोडला आणि पोराला काही झालं तर? देवानं दिलेलं देवानं परत मागितलं तर? तिचे ओठ एकमेकांवर घट्ट बसले. तेवढ्यात तिला भाभीच्या अम्मीचा तो आभाळभर डोकं टेकणारा दिसला. एवढी इबादत. आणि मातीच्या माणसापुढं वाकायची वेळ आली तेव्हा ताठ उभा राहिलेला. तुळशीला चार प्रदक्षिणा झाल्या होत्या त्या दिवशी. मातीचं माणूस मागं अनवाणी उभं होतं. आणि तिनं आभाळाकडं बोट दाखवलं होतं.

ती उठली. तोरण मांडीवरून खाली पडलं. मनीषासमोर जाऊन ती उंबऱ्यावर खाली बसली, सुनेच्या पायांशी, आणि म्हणाली, "मनीषा, विहिरीचं काय सांगत होतीस? सांग परत. मी ऐकते."

चार दिवस दिवसाउजेडी न वापरलेला आवाज. तो फाटकाच आला.

"अगं सिंधू!" आक्काबाई ओरडली. "दिवा लागला नाय! मौन मोडलं! पोराचं..."

"मोडलं," सिंधुबाई म्हणाली. "माझं मी मोडलं. देवाला काय तो दंड घ्यायचाय तर माझ्याकडून घेईल. पोराकडून घेणारा देव मी इतकी वर्षं पुजला नाही. शेखर, माझी ना आहे. मघाशीच होती. मान हलवायला धीर झाला नाही. जीप परत पाठव. बोल मनीषा."

मनीषा तिच्यासमोर खाली बसली. आणि बोलली. कुणीतरी कानात म्हणतं, हा कशाला वाचला, उचल आणि विहिरीत टाक, तू पण जा. दिवसातून कितीदा तरी. "आई, मला तो हवाय हो. तेवीस दिवस छातीशी धरून बसले मी. पण हातात घेतला की आवाज येतो. म्हणून घेत नाही. मला वाटलं, मी राक्षसीण झाले. मला वाटलं, तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही हात जोडले."

सिंधुबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "नाही गं माझे बाई. मला कळलं नव्हतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. मला क्षमा कर."

सिस्टर जवळ येऊन जमिनीवरच बसली. "ऐक मनीषा, शेखर, तूही ऐक. हे बाळंतपणानंतरचं आजारपण आहे. मी तीस वर्षांत किती बाया पाहिल्या. कुणी सांगतात, कुणी सांगत नाहीत. याला डॉक्टर आहे, औषध आहे, आणि बाई बरी होते. मी आत्ता डॉक्टरबाईंना फोन लावते. तोपर्यंत एकच गोष्ट. हिला एकटं सोडायचं नाही. आणि हिच्यावर रागवायचं नाही."

शेखर फाटकाकडं गेला. जीपवाल्याशी काही बोलला, त्याच्या हातावर भाडं ठेवलं. जीप वळून गेली तरी तो तिकडं तोंड करूनच उभा होता. खांदे हलत होते. भाभी उठून त्याच्याजवळ गेली, "चल बेटा, चल," म्हणून पाठीवर हात ठेवून त्याला घेऊन आली.

या सगळ्यात आक्काबाईकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती बाळाला घेऊन तशीच बसली होती. मग एकदम म्हणाली, "मलापण म्हणायचं."

"काय?" सिंधुबाईनं मान वर केली.

"कानात. माझी पहिली पोर. नवव्या दिवशी गेली ना, ती." आक्काबाई कुणाकडंच बघत नव्हती. "गोदेच्या काठाला घर. रोज म्हणायचं, टाक पाण्यात. मी नाय टाकली गं. तापानं गेली ती. समदे म्हणले, सटवाईनं तसंच लिहिलं व्हतं. पर मला वाटायचं, मी ऐकलं म्हणून गेली. चाळीस वरसं झाली. कुणाला सांगितलं नाय. मनीषाला बघून मला तेच दिसलं, म्हणून म्हणलं, हिला तरी कुणी भगताकडं न्यावं. मला कुणी कुठं नेलं नव्हतं."

पडवीत शेवंतीचा वास भरून राहिला होता. भाभीनं आपला हात आक्काबाईच्या डाव्या खांद्यावर ठेवला. धूळ झटकावी तसा तो दोनदा फिरवला.

"इथं काही लिहिलेलं नाही आक्का," ती म्हणाली. "कोरं आहे. चाळीस वर्षांपासून कोरं आहे."

आक्काबाई रडली तशी सिंधुबाईनं तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, थोरले दीर गेले तेव्हाही नाही. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं, बाळाला मनीषाकडं नेलं आणि म्हणाली, "घे. मी हात खालून धरते. आवाज आला तं मला सांग. मी म्हणंन त्याला, जा मेल्या, हिची मोठीआई बसलीय हितं."

मनीषानं घेतलं. आक्काबाईचे दोन हात खालून, मनीषाचे दोन वरून. चार हातांत ते पोर जांभई देत होतं.

*

मग दिवेलागण झाली. बाजरीच्या पिठाचे पाच दिवे पाट्यावर लागले. वेखंड, विळा, पाच खडे, हळदकुंकू. सिंधुबाईनं पाट्यापुढं कोरा कागद ठेवला आणि त्यावर शेखरचं पेन. सटवाईला हात जोडताना तिला काही मागायचं सुचलंच नाही. दिलं होतंस ते पुष्कळ होतं, आणि मी ते हातात असून पाहत नव्हते, एवढंच ती म्हणाली.

दोघींच्या ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ, आणि शेवंतीची एकेक वेणी. सकाळी आक्काबाईनंच म्हटलं होतं, "त्या घेतील तरी का?" आता तीच भाभीचा पदर पसरून धरत होती.

"मी हे घरी नेऊन खीर करते," भाभी म्हणाली. "ह्या नारळाची. आणि तुमच्या नातवाच्या नावानं गल्लीत वाटते."

"आम्ही रविवारी उपकारस्तुती करू," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणाल्या, सकाळी नऊला घेऊन या, आणि तोवर काहीही वाटलं तर अर्ध्या रात्रीही या. मी आज इथंच थांबते. चालेल ना?"

"चालेल काय विचारता," सिंधुबाई म्हणाली, "पाट तुमचाच आहे."

जाताना भाभी तिला फाटकाशी म्हणाली, "सिंधुताई, तुमचं मौन माझ्यामुळं मोडलं का हो? मी ते इब्लीसचं सांगत बसले."

"तुमच्यामुळं," सिंधुबाई म्हणाली. "तुमचे उपकार कुठल्या कुठल्या ओटीत घालू भाभी? रक्त दिलंत, आणि हेही."

भाभी रिक्षात बसता बसता हसली. "उजव्याला सांगते, लिही रे बाबा."

*

सकाळी सूर्य उगवला तेव्हा सिंधुबाई तुळशीपाशी होती. सवयीनं ओठ मिटलेले. मोडलेल्या व्रताचं काय करायचं, याचा ती रात्रभर पडल्या पडल्या विचार करत होती, आणि पहाटे तिला सुचलं होतं. सव्वा महिन्यातला महिना अजून राहिलाच होता. देवाला दिलेले दिवस परत घ्यायचे नाहीत. फक्त तेच दिवस दुसऱ्या रीतीनं पाळायचे.

मागं पावलं वाजली. मनीषा होती, बाळाला घेऊन. तिच्याबरोबर दोन पावलं मागं आक्काबाई, हात पुढं करून, पडेल ते झेलायला तयार. सिस्टर ओट्यावर चहा पीत होती. दवाखान्यात जायला अजून अवकाश होता.

मनीषानं विहिरीकडं पाहिलं. मग सासूकडं. रात्री झोप लागली होती की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "आई," ती म्हणाली, "आवाज परत आला होता. पहाटे." आणि मग तिच्या लक्षात आलं, दिवस उगवलाय. ती गप्प झाली.

चार प्रदक्षिणा झाल्या होत्या. सिंधुबाईनं तांब्या खाली ठेवला, तुळशीकडं पाठ केली आणि बाळासाठी हात पुढं केले.

"बोल," ती म्हणाली.